घराकडे पाहजो

रुखमाबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिला स्वतःलाही ठाऊक होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं तिला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. आता देवानं तोंड दिलं ते काय नुसता भात गिळायला? पण यंदा दिवाळीच्या तीन दिवस आधी ती गडचांदूरला लेकीच्या घरी उतरली, पाय धुतले, पाण्याचा घोट घेतला, आणि जावयानं पहिली गोष्ट सांगितली ती हीच.

"आई, आपन धनतेरसच्या सकाळी निघून राह्यलो, हे गल्लीत कोनालेच समजलं नाई पाह्यजे. कोनालेच म्हंजे कोनालेच."

"बरं बापा," रुखमाबाई म्हणाली. त्या क्षणी त्यानं 'विहिरीत उडी मारा' म्हटलं असतं तरी ती बरंच म्हणाली असती, कारण ती लेकीला माहेरी न्यायला आली होती आणि लेक हाती लागेपर्यंत जावयाशी वाकडं घ्यायचं नाही असं सिंदेवाहीच्या स्टँडावरच ठरवून निघाली होती.

मयुरीला पाठीवर भाऊ नाही. मग मुराळी म्हणून जाणार कोण? बाप मुखरू धानाच्या कापणीत अडकलेला, तेव्हा आईच पिशवी उचलून निघाली. तीन दिवाळ्या झाल्या, मयुरी माहेरी आली नव्हती. सासर वाईट म्हणाल तर तसंही नाही. विक्की सोन्यासारखा माणूस, सिमेंटच्या कंपनीत कामाला, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण घर बंद करून जायचं म्हटलं की त्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. पहिल्या दिवाळीला बॅगा भरून तयार होत्या आणि पलीकडच्या लेआउटमध्ये चोरी झाली. राहिलं. दुसऱ्या दिवाळीला नवा टीव्ही घेतला होता. राहिलं. तिसऱ्याला तर काही कारणच नव्हतं, नुसतीच भीती होती. तरीही राहिलं.

बिचाऱ्याला दोष तरी काय द्यायचा? लग्नानंतर दोघं भाड्याच्या खोलीत राहत असताना बल्लारपूरला एका लग्नाला गेले आणि परत येऊन पाहतात तर कुलूप तुटलेलं. सिलिंडर गेला, मिक्सर गेला, मयुरीचे चांदीचे पैंजण गेले, आणि चोर असे हावरे की रुखमाबाईनं घातलेल्या आंब्याच्या लोणच्याची बरणीसुद्धा सोडली नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. विक्की तर पाणीही फुंकून पिऊ लागला होता.

या वर्षी मयुरीनं हट्टच धरला, तेव्हा त्यानं मोठा बेत रचला. बैठकीतला दिवा संध्याकाळी आपोआप लागेल आणि दहाला विझेल असं एक यंत्र आणलं. दारात आपले जोडे ठेवायचे आणि त्यांच्याशेजारी कोणा मित्राकडून मागून आणलेले हे एवढाले बूट, म्हणजे घरात एखादा पहिलवान राहतो असं वाटावं. दोरीवर बनियन आणि टॉवेल तसेच वाळत टाकायचे. जुन्या मोबाईलमध्ये कुत्रा भुंकल्याचा आवाज भरून ठेवला होता. तो दर तासाला भुंकणार होता. दागिने बँकेत. दूधवाल्याला तेवढं चार दिवस येऊ नको म्हणून हळूच सांगून ठेवलेलं. मयुरीला तंबी, की गावाला पोचल्यावरही मोबाईलवर फोटो टाकायचा नाही. आणि निघायचं ते पहाटेच्या बसनं, बॅगा पोत्यात घालून, जणू दळण घेऊन चाललोय.

रुखमाबाईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि तिला गुदमरल्यासारखं झालं.

तिच्या गावात घर सोडून जाण्याची रीत अगदी उलटी होती. चार दिवस कुठं जायचं असलं तर आदल्या संध्याकाळी दारोदार जायचं आणि म्हणायचं, 'जाऊन येतो वं, घराकडे पाहजो.' एवढं म्हटलं की झालं. मग तुमच्या तुळशीला पाणी घालणं, तुमची शेळी बांधणं, दारात आलेल्याला चौकशी करून पिटाळणं ही सगळी त्या ऐकणाऱ्याची जबाबदारी. एकदा रुखमाबाई नागभीडला गेली असताना शेजारच्या कमळानं तिच्या सख्ख्या भावालासुद्धा घरात शिरू दिलं नव्हतं. 'मालकीन आल्यावर ये' म्हणून दोन तास कडुनिंबाखाली बसवलं होतं. न सांगता गाव सोडतो तो एकतर कुणाची बायको पळवून नेणारा, नाहीतर कोंबडी. अशी तिची समजूत.

आल्या दिवशी तिनं तोंड आवरलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आवरलं. पोट फुगलं, जेवण जाईना. विक्की ड्युटीवर गेलेला, मयुरी चिवडा भाजण्यात गुंतलेली. समोरच्या घरातून चकलीचा वास आला आणि रुखमाबाई उठली. नुसतं बसून यायचं, बोलायचं काही नाही, असं मनाशी पक्कं ठरवून ती रस्ता ओलांडून गेली.

समोर रंजीता राहायची. नवरा अंकुश खाणीवर टिप्पर चालवायचा. रंजीतानं पाट दिला, चकलीचा तुकडा दिला. तुकडा छान खुसखुशीत होता. रुखमाबाईनं तो चावला, आणि तोंड उघडलंच आहे तर म्हणून बोलून गेली, "आमी उद्याचा दिवस सोडून सकाळीच गावाले जाऊन राह्यलो, बाई. चार दिवस. घराकडे पाहजो."

रंजीताचा हात सोऱ्यावर तसाच थांबला. "चार दिवस? मंग तुमच्या घरी कोनीच नाई?"

"कोनीच नाई."

"अवो माय," रंजीता म्हणाली आणि तिचा चेहरा एवढासा झाला.

आता एका घरी सांगितलं आणि दुसरीला नाही सांगितलं तर तिला काय वाटेल? रुखमाबाई बाजूच्या घरी गेली. तिथं वारलूभाऊ आणि त्यांची बायको, दोघंच म्हातारी माणसं. वारलूभाऊंनी ऐकलं आणि त्यांना ठसका लागला. "पुरं घर बंद? दिवा बी नाई?" त्याच्या पलीकडे पवन मास्तर. ते 'असं का, असं का' करत आत गेले आणि दार लावून घेतलं. कोपऱ्यावरच्या तेलगू बाईला मराठी धड येत नव्हतं, तिला हातवारे करून सांगितलं. कुलूप, बस, चार बोटं, मग घराकडे आणि डोळ्याकडे बोट. तिला सगळं कळलं, कारण तिनं कपाळाला हात लावला. गल्लीत आठ घरं. आपलं सोडून सातही दारं करून रुखमाबाई परत आली तेव्हा पोट हलकं झालं होतं, भूकही लागली होती. फक्त मनात एक आलं. कशी माणूसघाणी माणसं ही! 'सुखानं जाऊन या' असं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

संध्याकाळी विक्की कामावरून येत होता. गल्लीच्या तोंडाशी वारलूभाऊ वाटच पाहत उभे.

"विक्कीभाऊ, यंदा नका ना जाऊ गावाले. लोकं म्हनते चोर फिरून राह्यले. तुमच्यासारखा तरना मानूस गल्लीत राह्यला त बरं."

पाच पावलांवर अंकुशनं गाडी थांबवून तेच सांगितलं. मास्तरांनी खिडकीतून सांगितलं. विक्की घरी आला तो पायरीवरच बसला, डोक्याला हात लावून. बूटही काढले नाहीत.

"आई, तुमी गल्लीत सांगतलं?"

"गल्लीतच सांगतलं, बापा. पेपरात नाई देलं," रुखमाबाई म्हणाली. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. तो शांतपणे म्हणाला, "आता नाई जाता येत. सगळ्याइले मालूम झालं. आता चोराले बी मालूम झालं आसन." आणि आत जाऊन त्यानं ते दिव्याचं यंत्र काढून डब्यात ठेवून दिलं.

मयुरीनं खाटेखालची बॅग ओढली, भरलेल्या साड्या एकेक करून बाहेर काढल्या, घड्या पुन्हा नीट केल्या आणि कपाटात रचून ठेवल्या. डोळ्यांतून टिपूसही काढलं नाही. चार वर्षांची असताना जत्रेत फुगा फुटला तेव्हाही ही पोरगी अशीच गप्प बसली होती, आणि तेव्हाही रुखमाबाईचं काळीज असंच गलबललं होतं. तिकडे गावी मुखरूनं लेकीसाठी खाटेची नवार नवी करून घेतली होती, दारावर गेरू लावला होता, येत्या-जात्याला सांगत सुटला होता की माझी मयुरी येऊन राह्यली. त्याला आता काय सांगायचं? जळो हे तोंड, असं रुखमाबाईला जन्मात पहिल्यांदा वाटलं. त्या रात्री ती जेवली नाही.

सकाळी इसरू दूधवाल्याचा भोंगा वाजला तेव्हा तीच भांडं घेऊन दारात गेली.

"इसरूभाऊ, उद्यापासून दूध चालू ठेवजो. आमी नाई जाऊन राह्यलो."

इसरूनं कॅन खाली ठेवला आणि हात जोडले. "बरं झालं बाई! एक त घर भेटलं. नाई त उद्यापासून या गल्लीत गाडी घालाचं मले कामच नव्हतं."

"काऊन गा?"

"काऊन म्हंजे? आठी घरचं दूध बंद ना! जो तो मले बाजूले घेऊन सांगते, इसरू, चार दिवस येऊ नोको, अन कोनाले सांगू नोको. मी म्हनलं, सगळे मिळून तीर्थाले चालले का काय, न मलेच नाई सांगून राह्यले!"

रुखमाबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. रंजीताचा एवढासा चेहरा, वारलूभाऊंचा ठसका, तेलगू बाईनं कपाळाला लावलेला हात, सगळं एकदम कळलं, आणि तिला असं हसू फुटलं की हातातलं अर्धं दूध पायरीवर सांडलं. मयुरी धावत बाहेर आली. तिला वाटलं आईला झटका आला.

"अवो, बाहेर या वो सगळे!" रुखमाबाईनं कॅनचं झाकण उचललं आणि ते विजेच्या खांबावर बडवायला सुरुवात केली. "या या! चोर सापडले! आठ घरचे आठी चोर सापडले!"

'चोर' म्हटल्यावर कोण घरात बसतं? अंकुश हातात पाना घेऊन आला, मास्तर अर्धी दाढी केलेले, विक्की टॉवेलवर. सगळी गल्ली जमली तशी रुखमाबाईनं इसरूला पुढं ढकललं. "सांग गा, कोनाकोनाचं दूध बंद हाय."

इसरू देवमाणूस. त्यानं एकेका घराकडे बोट दाखवत सांगून टाकलं, आणि ज्याच्या घराकडे बोट वळलं तो खाली पाहू लागला. शेवटी रंजीतालाच हसू आवरेना.

"आमी गावाले, जिवतीले चाललो होतो, बाई. मी रेडिओ चालू ठेवनार होतो. म्हनलं, समोर विक्कीभाऊचा दिवा हाय, पाहतीन ते."

"मी तुमच्या रेडिओच्या भरवशावर होतो ना!" विक्की म्हणाला.

"अन मी तुमच्या कुत्र्याच्या," वारलूभाऊ म्हणाले. "परवा भुकला तवा मी बायकोले म्हनलं, चांगलं झालं, विक्कीभाऊनं कुत्रा पाळला." मास्तरांच्या दारातले बूट तर विक्कीच्या दारातल्या बुटांहूनही मोठे निघाले. कोपऱ्यावरच्या बाईनं नवऱ्याच्या खुर्चीवर उशी ठेवून तिला सदरा घातला होता. तो उशीचा माणूस खिडकीतून सगळ्या गल्लीला दिसत होता आणि दोन दिवस मास्तर त्याला नमस्कार करत होते.

"वा रे शहाने!" रुखमाबाईनं कमरेवर हात ठेवले. "म्हंजे आठ घरी दिवे लागतीन, आठ घरी जोडे राहातीन, कुत्रा भुकन, उशी खुर्चीवर बसन, अन मानूस औषधाले एक नाई! चोरानं आवाज देला असता त 'ओ' कोन देनार होतं?"

हसून हसून लोकांच्या पोटात दुखू लागलं. एकमेकांची नावं ठाऊक नसलेली माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होती. पण हसू ओसरलं तसा प्रश्न उरला. गल्लीत थांबणार कोण? प्रत्येकाला गाव होतं, प्रत्येकाची कोणीतरी वाट पाहत होतं.

रुखमाबाईनंच तोड काढली. गावात गाई राखायची पाळी असते, तशी इथं घरं राखायची पाळी लावा. ज्यांची दिवाळी लक्ष्मीपूजनाची त्यांनी आधी जावं, ज्यांची भाऊबिजेची त्यांनी मागून जावं, आणि चाव्या राहणाऱ्यापाशी. हिशेब लागला. वारलूभाऊंची लेक त्यांना भाऊबिजेलाच बोलावत होती, तेव्हा आधीचे दिवस ते राहायला तयार झाले. तेलगू बाईचा नवराही नंतर निघायला राजी झाला, पण त्याची रात्रपाळी होती. म्हाताऱ्या वारलूभाऊंच्या जोडीला रात्रीचं आणखी एक माणूस हवं होतं. अंकुश पान्याकडे पाहू लागला, मास्तर अर्ध्या दाढीवरून हात फिरवू लागले.

रुखमाबाईनं लेकीकडे पाहिलं. मयुरी उंबऱ्यात उभी होती, ओठ घट्ट मिटून.

"मी राह्यतो," रुखमाबाई म्हणाली. "मले काय, इथी बी भातच खाचा, तिथी बी भातच. मयुरी, तू न जवाईबापू जा. तुहा बाप वाट पाहून राह्यला."

कालपासून न रडलेल्या मयुरीचा आता मात्र बांध फुटला. "तू इथी, न मी तिथी? तू नाई त माहेर कायचं वं माय? भिंतीले भेटाले जाऊ का मी?"

भर गल्लीत ती लहान पोरीसारखी रडायला लागली. इसरूनंसुद्धा टोपी काढून हातात घेतली. विक्की तसाच टॉवेलवर उभा होता. तो बायकोकडे बघत राहिला. तीन वर्षांत चोरानं त्याच्या घरातून काडीही नेली नव्हती, पण मयुरीच्या तीन दिवाळ्या गेल्या होत्या, आणि त्या कुणी नेल्या हे आता त्याच्या ध्यानात आलं असावं. त्याचा चेहरा तसा झाला होता.

"आई, तुमी जा हिले घेऊन," तो म्हणाला. "मी राह्यतो. मी भाऊबिजेच्या आधल्या दिवशी येतो, हे लोकं वापस आले का."

"तुमाले भेव नाई वाटनार?" रुखमाबाईनं विचारलं. टोमणा नव्हता तो, तिला खरंच काळजी वाटली.

"वाटन ना. पन एका घराचं भेव वाटते तसं आठ घराचं. भेव त तेवढंच हाय." मग तो अंकुशकडे वळला. "अंकुशभाऊ, चावी द्या. अन तो पाना बी देऊन जा."

धनतेरसच्या सकाळी गल्लीतून पाच घरं आणि सोबत या मायलेकी निघाल्या, दिवसाढवळ्या, बॅगा बॅगांसारख्या उचलून. वारलूभाऊंच्या बायकोनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. विक्कीच्या कमरेला चाव्यांचा जुडगा लटकला होता आणि तो चालला की नंदीबैलासारखा घुंगरांचा आवाज येत होता. बस राजुरा सोडून चंद्रपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत मयुरी खिडकीतून मागं पाहत होती. पुढं मूल गाव आलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या धानाच्या कडपा दिसू लागल्या, आणि मग तिनं मागं पाहायचं सोडलं.

संध्याकाळी विक्कीचा फोन आला. रुखमाबाईचा जीव धसकला, पण तो हसत होता. कुत्र्याचा मोबाईल बंद करून टाकला म्हणाला, वारलूभाऊंची झोप मोडते. जेवायला वारलूभाऊंकडे बोलावलं होतं, रंजीता चकलीचा डबा ठेवून गेली होती, आणि मास्तरांच्या घरात बुद्धिबळाचा पट सापडला होता. "तीन वर्सं झाली या गल्लीत," तो म्हणाला, "वारलूभाऊ जंगल डेपोत होते हे मले आज समजलं. काय किस्से सांगते तो मानूस!"

इकडे मुखरूनं जावई आला नाही म्हणून क्षणभर तोंड पाडलं, पण लेकीला पाहून ते लगेच उचललं. रात्री उशिरापर्यंत शेजारणी येत राहिल्या. मयुरी बोलता बोलता नव्या नवारीच्या खाटेवर आडवी झाली ती तशीच झोपली.

सकाळ झाली, ऊन ओसरीवर आलं, तरी ती उठली नाही. मुखरू दोनदा दाराशी येऊन गेला. "उठवू का वं? शेत दाखवतो तिले."

"निजू दे. तिकडे तिले पाच वाजता डबा कराचा राहाते." रुखमाबाई उंबऱ्यात बसली होती, हातात काठी. कोंबडी आली की कोंबडीला हाकलत होती, कमळा आली तर कमळाला हातानंच परत धाडलं. आठ वाजले, नऊ वाजायला आले. तिची स्वतःची भांडी घासायची पडली होती, पण भांड्यांचा आवाज होईल म्हणून तीही तशीच.

शेवटी आतून खाट करकरली. मग डोळेही न उघडता, पांघरुणातूनच, अगदी लग्नाआधी द्यायची तशी मयुरीनं हाक दिली. "माय, चाय दे ना वं! न बोरं हायेत का घरी?"

रुखमाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. तीन वर्षं झाली, इतक्या हक्कानं तिला कुणी काम सांगितलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले, मुखरूला बोरं आणायला पिटाळलं आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.